पिटबुल नावातला इतिहास

'पिटबुल' हा शब्द वर्तमानपत्रात बहुधा वाईट बातमीतच भेटतो. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला आधी नावाची उकल करावीशी वाटते. 'पिट' म्हणजे खड्डा, 'बुल' म्हणजे बैल. या कुत्र्याची सगळी कुंडली या दोन शब्दांत आहे.

इंग्लंडमध्ये पूर्वी बैल खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडत आणि लोक पैजा लावत. एकदा धरले की न सोडणारा बुलडॉग माणसांनी त्यासाठीच निवडून निवडून तयार केला. १८३५ साली पार्लमेंटने हे खेळ बंद केले. पण हौस कायद्याने थोडीच जाते! बैल लपवता येत नाही, कुत्र्यांची झुंज मात्र तळघरातल्या खड्ड्यातही लावता येते. त्या चोरट्या झुंजींत बुलडॉग आणि चपळ टेरियर यांच्या संकराला मागणी आली. तीच कुत्री पुढे अमेरिकेत गेली आणि तिथे पिटबुल घडला. हा स्वभाव कुत्र्याने मागितला नव्हता, माणसाने दिला.

गंमत म्हणजे ब्रिटनच्या १८७१ च्या कायद्यात जातीचे नावही नाही. कुत्रा धोकादायक असेल आणि ताब्यात ठेवलेला नसेल, तर न्यायालय मालकाला हुकूम देई. नजर वागण्यावर होती. कुत्रा पाळायला परवानाही लागे. त्याची फी अखेरीस ३७ पेन्स उरली होती आणि १९८७ साली तो परवानाच रद्द झाला. चारच वर्षांनी, १९९१ मध्ये, काही भीषण हल्ल्यांनंतर लोक खवळले आणि गृहमंत्री केनेथ बेकर यांनी घाईघाईने नवा कायदा आणला. पिटबुल, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर निर्बंध आले. पिटबुल ओळखायचा बांध्यावरून, मोजमापे घेऊन!

पुढे अमेरिकेत नव्या संकरातून एक्सएल बुली आला. तो यादीत नव्हता. माणसे दगावली, तेव्हा १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये दाखल्याशिवाय तो पाळणे गुन्हा ठरले. यादी अशी नेहमी एक पाऊल मागेच.

आपल्याकडेही केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदीचे पत्र राज्यांना धाडले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता हे केले, म्हणून कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते एप्रिलमध्येच रद्द केले.

मग जातीला काहीच अर्थ नाही का? तसे मी म्हणणार नाही. पामेरियन चावला तर बहुधा पट्टी आणि इंजेक्शनावर भागते, बलदंड कुत्रा चावला तर जीवावर बेतते. चूक तीच, किंमत वेगळी. म्हणून जबडा जितका मोठा, तितकी मालकाची जबाबदारी मोठी.

हे आज लिहायचे कारण म्हणजे आमच्याच घरातल्या एकाला रॉटवायलर आणायचा आहे. फ्लॅट दोन खोल्यांचा, दोघे दिवसभर नोकरीवर, घरात तीन वर्षांची मुलगी. तो हे वाचतो, म्हणून इथेच विचारतो. रोज फिरवणार कोण? शिकवणार कोण? आणि साखळी हातातून सुटली तर शेजाऱ्यांना उत्तर देणार कोण? तिन्ही प्रश्नांना 'मी' असे उत्तर देता येत नसेल, तर बाळा, आणू नकोस. कायदा काहीही म्हणो.