हिलबिली आणि घाटी: कारखान्याच्या शहरातली गावाकडची गाणी

आजचा एपिसोड गाण्यांचा आहे, पण गाणं एकही वाजणार नाही. कॉपीराइट, काय करणार! त्यामुळे नावं लिहून घ्या आणि नंतर स्वतः शोधून ऐका.

सुरुवात एका वाद्यापासून करू. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत 'बेंजो' ऐकलाय ना? कळा दाबून, तारा छेडून वाजवतात तो. सोबत कॅसिओ, ड्रम, ताशा. २०१६ साली रवी जाधवांनी याच नावाचा हिंदी सिनेमाही काढला. आता गंमत बघा. याच नावाचं वाद्य अमेरिकेच्या कंट्री आणि ब्लूग्रास संगीतात आहे, पण ते पूर्ण वेगळं. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं वाद्य. अमेरिकेतला बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी तिकडे नेला. म्हणजे नाव एक, वाद्यं दोन, आणि दोन्ही प्रवासी.

आजचा प्रश्न हाच आहे. माणूस पोटासाठी गाव सोडून कारखान्याच्या शहरात येतो, तेव्हा त्याच्या गाण्याचं काय होतं? पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा प्रश्न अभ्यासाचा नाही, रोजचा आहे. कारण आपल्या शहराबद्दल एक वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं: "पुण्यात संस्कृती, पिंपरीत कंपन्या." हे वाक्य किती खरं आहे ते बघू.

तेलाचे ड्रम आणि मँडोलिन

आधी अमेरिका. कंट्री म्हटलं की डोळ्यांसमोर घोडा, शेत, लाकडी घर येतं. ब्लूग्रास ही त्यातलीच एक शाखा. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि मोठा बास. लय सुसाट, आवाज उंच पट्टीत. ऐकताना वाटतं, हे तर शेकडो वर्षांचं डोंगरातलं संगीत असणार.

तसं नाहीये. ज्याला ब्लूग्रासचा जनक म्हणतात तो बिल मन्रो १९११ साली केंटकी राज्यातल्या रोझीन नावाच्या खेड्यात जन्मला. अठराव्या वर्षी तो भावांच्या मागोमाग शिकागोजवळच्या व्हाइटिंगला गेला आणि सिंक्लेअर कंपनीच्या तेल रिफायनरीत लागला. काम काय, तर तेलाचे ड्रम हाताळायचे. संध्याकाळी भाऊ भाऊ मिळून वाजवायचे. ऐकणारे कोण? त्यांच्यासारखेच दक्षिणेतून आलेले कामगार. शिकागोत डब्ल्यूएलएस हे रेडिओ स्टेशन १९२४ पासून 'नॅशनल बार्न डान्स' हा गावाकडच्या गाण्यांचा कार्यक्रम लावत होतं. म्हणजे खेड्यातल्या गाण्याचा एवढा मोठा कार्यक्रम शहरातून चालत होता.

मन्रोनं १९३९ मध्ये 'ब्लू ग्रास बॉइज' हा बँड घेऊन नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीवर पाऊल ठेवलं. १९४५ च्या डिसेंबरात त्यात अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांनी बँजो वाजवणारा. हा पोरगा आधी सूतगिरणीत काम करायचा. बँडमधला लेस्टर फ्लॅटसुद्धा गिरणीतूनच आलेला. आणि मन्रो ज्यांच्याकडून शिकला त्यांत आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक होता. तर हे 'जुनं डोंगरी संगीत' घडवलं गिरणी कामगारांनी, रिफायनरी कामगारांनी आणि रेडिओनं. वय म्हणाल तर आपल्या आजोबांएवढं.

या लोकांना शहर काय म्हणायचं माहितीये? हिलबिली. म्हणजे डोंगरातला अडाणी. शिकागो, डेट्रॉइट, सिनसिनाटी, सगळीकडे ही शिवी होती. रेकॉर्ड कंपन्या तर गाणीच 'हिलबिली' नावानं विकायच्या. १९४९ साली बिलबोर्ड साप्ताहिकानं आपल्या यादीला 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव दिलं. तेव्हा कुठे शिवी बाजूला पडून सभ्य नाव रुळायला लागलं.

आता मुंबईत सातारा-सांगलीकडून आलेल्या माणसाला काय म्हणायचे आठवा. घाटी. घाटावरचा. दोन खंड, दोन भाषा, पण शिवी अगदी सारखी: तू डोंगराकडून आलास, म्हणून कमी.

लालबाग-परळ: आपलं शिकागो

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली आणि पुढची शंभर वर्षं कोकण, घाट, खानदेश इथून माणसं येत राहिली. एका खोलीत पंधरा-वीस जण, तेही पाळीपाळीनं झोपणारे, जेवण खानावळीत आणि बायको गावाला. ही माणसं सोबत काय घेऊन आली? कोकणातला माणूस नमन-खेळे, जाखडी, शक्ती-तुरा आणि दशावतार घेऊन आला. घाटावरचा माणूस तमाशा, पोवाडा आणि भजन.

परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. सोशल सर्व्हिस लीगनं उभारलेलं आणि कित्येक दशकं कामगार रंगभूमीचं घर. लालबागला हनुमान थिएटर होतं, तिथे तमाशाचे फड उतरायचे. गिरणीचा भोंगा झाला की माणूस घरी जाऊन अंग धुऊन थेट थिएटरात. तिकीट काढून. हे महत्त्वाचं आहे. गावात तमाशा वर्षातून एकदा, जत्रेला. गावकीच्या वर्गणीतून. मुंबईत तो कामगाराच्या पगारातून, आठवड्याच्या आठवड्याला. कलावंताला कायमचा प्रेक्षक पहिल्यांदा शहरानं दिला.

आणि नुसतं जुनंच वाजत राहिलं असंही नाही. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, जन्म १९२०. लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत काम केलं, पडेल ते काम केलं. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी 'लाल बावटा कलापथक' काढलं. तमाशाची सुरुवात होते गणानं, गणपतीला वंदन करून. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं. नाव दिलं लोकनाट्य. सरकारला ते इतकं झोंबलं की कलापथकावर बंदी आली.

त्यांची 'माझी मैना' ही छक्कड तर जरूर शोधून ऐका. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. वरवर बघितलं तर गावाला बायको ठेवून मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह. आत बघितलं तर बेळगाव-कारवारसारखा भाग तुटून राहिल्याचं दुःख. मुंबईत बसून लिहिलेलं गावाच्या आठवणीचं गाणं. कंट्री संगीतात 'घर दूर राहिलं' या एका विषयावर शेकडो गाणी आहेत. दोन्हीकडचा गाणारा कारखान्यात उभा आहे, म्हणूनच गाव त्याला इतकं स्वच्छ दिसतं.

हलगी कुणाची, फड कुणाचा

एक गोष्ट गोड गोड बोलून टाळता येत नाही. ती म्हणजे जात. तमाशातली ढोलकी, हलगी, तुणतुणं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली ते बहुतांश महार, मांग, कोल्हाटी समाजातले कलावंत. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे ब्राह्मण घरातले. तमाशात गेले, महार समाजातल्या पवळाबाईंसोबत फड गाजवला आणि त्यासाठी स्वजातीचा बहिष्कार सोसला. बापूरावांचं नाव पुस्तकात आलं. पवळाबाईंचं नाव किती जणांनी ऐकलंय? बिल मन्रोचं नाव जगाला माहीत आहे, आर्नल्ड शुल्ट्झचं नाही. हिशोब तोच.

बायकांचा हिशोब तर आणखी कडक. हेझल डिकन्स ही वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांच्या भागातली. बाल्टिमोरला येऊन कारखान्यात राबली आणि पुरुषांच्या ब्लूग्रासमध्ये स्वतःचा आवाज घेऊन उभी राहिली. आपल्याकडे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५. गरोदर असताना फडावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असताना कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, हा प्रसंग महाराष्ट्रभर सांगितला जातो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या गेल्या. २००६ पासून त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो.

१९८२: एक शहर गप्प, एक शहर मोठं

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. आता मॅप उघडा. पुणे-नाशिक रस्ता. भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. जो रस्ता आपल्याला फक्त ट्रॅफिकसाठी माहीत आहे, तो तमाशाच्या पंढरीचा रस्ता आहे. दुसऱ्या बाजूला देहू आणि आळंदी. आळंदीत १९१७ पासून वारकरी शिक्षण संस्था कीर्तन आणि पखवाज शिकवते. तुकोबांची पालखी देहूतून निघते आणि पहिला मुक्काम कुठे करते? आकुर्डीत. कंपन्यांच्या मधोमध.

म्हणजे "पिंपरीत फक्त कंपन्या" हे वाक्य इथेच पडतं. इथे गाणं आधी आलं, कंपन्या नंतर. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ची, एमआयडीसी १९६२ ची. नगरपालिका १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली.

हे १९८२ लक्षात ठेवा. त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार. पुढे गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या. पगार गेला, तसा तिकीट काढणारा प्रेक्षक गेला. हनुमान थिएटर आता नाही. तमाशा वाईट झाला होता म्हणून हे घडलं नाही, ऐकणाऱ्याच्या खिशातलं आणि हातातलं घड्याळ दोन्ही हिरावलं गेलं म्हणून घडलं.

मग आपल्याकडे बँड का नाही घडला?

माझ्या मते उत्तर वेळापत्रकात आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिपेंडन्सी म्हणतो ना, तसं. बँड असो, फड असो, भजनी मंडळ असो, त्याला तीन गोष्टी लागतात: तीच माणसं, तीच वेळ, तीच जागा. कायम कामगाराकडे या तिन्ही होत्या. म्हणून त्याच्या काळात मंडळं टिकली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासून आहे. कामगारांच्या भजन आणि नाट्यस्पर्धा ते भरवतं. पण त्या स्पर्धेला उतरायचं तर टीम वर्षभर टिकायला हवी.

आजच्या चाकणचा कंत्राटी पोरगा बघा. बीड, लातूर, परभणीहून नाहीतर बिहारहून आलेला. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात नाइट. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरी कंपनी, दुसरी खोली. त्याचा गळा चांगला असेल, हलगीवर हातही असेल. पण पखवाजवाला नाइटला आणि पेटीवाला कामावरून कमी झालेला, अशात सराव कधी करणार? मग गाणं मोबाइलमध्ये जातं. प्रत्येकाच्या कानात वेगळं. आणि गावच्या यात्रेत, जमिनीचा पैसा आलेल्या गावांत, फडाऐवजी डीजे लागतो.

तरी गाणं पूर्ण मरत नाही. छठपूजेला मोशीत इंद्रायणीच्या घाटावर जा. हजारभर किलोमीटरवरून आलेल्या बायका पाण्यात उभ्या राहून गातात. आपल्यातले काही जण तोंड वाकडं करतात, "बाहेरचे" म्हणतात. मला तेव्हा घाटी आणि हिलबिली हेच दोन शब्द आठवतात. लालबागमधला आपला आजा असाच बाहेरचा होता आणि त्याच्याच गाण्याला आज आपण महाराष्ट्राची लोककला म्हणतो.

मन्रोनं व्हाइटिंगमध्ये ड्रम हाताळत असताना कुणाला वाटलं नसेल की इथे काही घडतंय. अण्णाभाऊ गिरणीत होते तेव्हाही नाही. शहराचं संगीत कुठे घडतंय ते शहराला सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून एक काम सांगतो, मोठं नाहीये. तुमच्या सोसायटीत, कंपनीत, चाळीत कुणी भजन म्हणत असेल, हलगी वाजवत असेल, भोजपुरी बिरहा गात असेल, तर त्याला विचारा: कुठून शिकलात, आता सोबतीला कोण आहे, सराव कधी करता? परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. गाव आणि तारीख लिहून ठेवा. आणि तुम्ही शिफ्ट लावणारे सुपरवायझर असाल, तर आठवड्यातून एक संध्याकाळ त्या चौघांची शिफ्ट जुळेल एवढं बघा. कधीकधी एवढ्यावरही बँड उभा राहू शकतो.

आजच्यापुरतं इतकंच. रेकॉर्डिंग पाठवलंत तर गाणाऱ्याचं नाव आणि गाव नक्की कळवा, पुढच्या भागात त्यांच्याबद्दल बोलू. भेटू पुढच्या आठवड्यात. राम कृष्ण हरी!