अमेरिकन यादवी युद्ध आणि मुंबई इलाखा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तरेकडील राज्ये आणि संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील अकरा राज्ये यांमध्ये एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ या काळात झालेला सशस्त्र संघर्ष अमेरिकन यादवी युद्ध या नावाने ओळखला जातो. त्याचे मूळ दासप्रथेत होते. या युद्धाचा आर्थिक परिणाम ज्या दूरच्या प्रदेशांवर झाला, त्यांत मुंबई इलाख्याचे स्थान अग्रभागी आहे. तसेच दासमुक्तीच्या वार्तेचा वैचारिक पडसादही महाराष्ट्रात उमटला. प्रस्तुत नोंदीत युद्धाचा वृत्तांत आवश्यक तेवढाच देऊन या दोन्ही संबंधांचा परामर्श घेतला आहे.

दुहीची कारणे : १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केल्यानंतर दक्षिणेत कापसाची लागवड झपाट्याने वाढली व तिच्याबरोबर दासांची मागणीही वाढली. १८६० च्या जनगणनेनुसार देशात सु. ४० लाख दास होते. उत्तरेत उद्योगधंदे, लहान शेतकरी आणि वेतनावरील श्रम यांवर अर्थव्यवस्था उभी राहिली. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत दासप्रथेस वाव द्यावा की नाही, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. १८२० व १८५० च्या तडजोडींनी तो पुढे ढकलला गेला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का अधिनियमाने तो पुन्हा पेटला, आणि कृष्णवर्णीयास नागरिकत्वाचे हक्क नाहीत, असा निर्णय १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्यानंतर तडजोडीची वाट जवळजवळ बंद झाली. दासप्रथेच्या प्रसारास विरोध करणारा अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच साउथ कॅरोलायना राज्याने २० डिसेंबर रोजी संघराज्याशी संबंध तोडला. फेब्रुवारी १८६१ मध्ये फुटीर राज्यांनी जेफर्सन डेव्हिस याच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र राज्यसंघ स्थापला.

हे युद्ध राज्यांच्या स्वायत्ततेसाठी किंवा जकातीच्या प्रश्नावरून झाले, असे प्रतिपादन दक्षिणेच्या कैवाऱ्यांनी पुढे दीर्घकाळ केले. ते टिकण्यासारखे नाही. साउथ कॅरोलायना, मिसिसिपी आदी राज्यांनी फुटून निघताना जी कारणमीमांसा प्रसिद्ध केली, तीत दासप्रथेचे रक्षण हेच कारण स्पष्ट शब्दांत दिलेले आहे. नव्या राज्यसंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने तर मार्च १८६१ मधील भाषणात वंशांची विषमता हाच आपल्या शासनाचा कोनशिला-दगड असल्याचे सांगितले. पराभवानंतरचे समर्थन आणि युद्धापूर्वीची कबुली यांत विरोध असेल, तर इतिहासकाराने कबुलीस अधिक वजन द्यावयास हवे.

युद्ध : १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या सैन्याने सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या. दासप्रथा असूनही डेलावेअर, मेरिलंड, केंटकी व मिसूरी ही चार राज्ये संघराज्यातच राहिली. त्यांना सांभाळण्यासाठी लिंकनने प्रारंभी संघराज्य टिकविणे एवढाच आपला हेतू जाहीर केला. तथापि मळ्यांवरून पळालेले हजारो दास उत्तरेच्या छावण्यांत येऊ लागले व त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न सेनानींना टाळता येईना. दासमुक्तीचे श्रेय केवळ राष्ट्राध्यक्षास देणारे वृत्तांत ही गोष्ट बहुधा गाळतात. अँटीटमच्या लढाईनंतर (सप्टेंबर १८६२) लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा घोषित केला आणि १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर प्रदेशातील दास मुक्त झाल्याचे जाहीर केले. सु. १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. जुलै १८६३ मध्ये गेटिझबर्ग व व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेचा कणा मोडला आणि ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती रॉबर्ट ली शरण आला. पाचच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडण्यात आली व दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. युद्धात सहा ते साडेसात लाख सैनिक मृत्युमुखी पडले असावेत. डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने दासप्रथा संपूर्ण देशात नष्ट झाली.

कापसाची टंचाई व मुंबई : युद्धापूर्वी इंग्लंडमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सु. तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. इंग्लंडला आपल्या कापसावाचून गत्यंतर नाही व त्यापोटी ते आपल्या बाजूने युद्धात उतरेल, असा दक्षिणेच्या मळेवाल्यांचा होरा होता. म्हणून त्यांनी आरंभी निर्यात स्वतःहूनच रोखून धरली. पुढे उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली. लँकाशरमधील गिरण्या बंद पडल्या व लाखो कामगार उपासमारीच्या कडेला आले. असे असूनही मँचेस्टरच्या कामगारांनी डिसेंबर १८६२ अखेर सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठविले. इंग्लंड युद्धात उतरले नाही. त्याने कापसासाठी भारताकडे, मुख्यतः मुंबईकडे, दृष्टी वळविली.

हा कापूस ‘सुरती’ या सर्वसाधारण नावाने विलायतेत ओळखला जाई. त्याचा धागा आखूड असे, त्यात माती व सरकी मिसळलेली असे आणि तेथील कामगार त्याला कंटाळत. परंतु दुसरा कापूस नव्हता. लिव्हरपूलच्या बाजारात त्याचे भाव तिपटी-चौपटीने चढले. गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड या प्रदेशांतून मिळेल तो कापूस मुंबईकडे धावू लागला. धारवाडकडील माल बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठा बंदरात येई, म्हणून त्यास कुमठा कापूस हे नाव पडले. भेसळ इतकी बोकाळली, की तिला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. नेहमीच्या भावाने जे उत्पन्न झाले असते, त्याहून सु. सात ते आठ कोटी पौंड अधिक रक्कम या चार-पाच वर्षांत मुंबईत आली, असा अंदाज केला जातो.

या पैशाला गुंतवणुकीचे पुरेसे मार्ग नव्हते. परिणामी बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. या सट्ट्याचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हा होता. बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागास पन्नास हजारांपर्यंत भाव आला. १८६४ च्या गणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६५ च्या वसंत ऋतूत लीच्या शरणागतीची वार्ता येताच कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायदे-फेडीच्या दिवशी एकामागून एक पेढ्या बुडाल्या. सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बाँबेही या पडझडीत सापडून पुढे मोडीत निघाली. १८७२ च्या जनगणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ वर आली होती. तरीही या काळाच्या काही खुणा राहिल्या : गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर याच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला जाऊन नवी रस्तेरचना झाली, प्रेमचंदने १८६४ मध्ये दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय व १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा उभा राहिला. चमत्कारिक गोष्ट ही, की मुंबईतील नवोदित कापड गिरण्यांना मात्र ही तेजी जाचकच ठरली. कापूस कातण्यापेक्षा परदेशी धाडणे अधिक किफायतशीर होते.

दख्खनचा शेतकरी : तेजीतील लाभाचा मोठा वाटा दलाल, अडते व सावकार यांच्याकडे गेला. काही वाटा कुणब्यापर्यंतही पोहोचला, हे नाकारता येत नाही. वाढत्या भावांच्या भरवशावर त्याची पतही वाढली आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. मंदी आली तेव्हा कर्ज तेवढेच राहिले, भाव उतरले व १८६७ पासूनच्या फेरपाहणीने शेतसारा चढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या घरांवर हल्ला करून खतपत्रे जाळली व हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. चौकशी आयोगाने या दंग्यांचा संबंध कापसाच्या तेजी-मंदीशी जोडला. दंगाग्रस्त तालुके कापसाचे प्रमुख प्रदेश नव्हते, हा त्यावरील आक्षेप योग्य आहे. पण धान्याचे भाव, मजुरी व कर्जाचे व्यवहार यांच्या द्वारे तेजीची लाट तेथपर्यंत गेली होती. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम हे या प्रकरणाचे फलित होय.

गुलामगिरी : जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हे आपले पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील दासमुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांस अर्पण केले. त्यांचे उदाहरण पुढे ठेवून आपल्या देशबांधवांनी शूद्रादी अतिशूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छा अर्पणपत्रिकेत व्यक्त झाली आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ज्या युद्धाकडे मुंबईच्या पेढ्यांनी भावाच्या तक्त्यातून पाहिले, त्यातील न्यायाचा प्रश्न फुल्यांनी ओळखला. जातिव्यवस्था आणि मळ्यांवरील दासप्रथा या एकच नव्हेत, हे उघड आहे. फुल्यांचा रोख मात्र दोन्हींत समान असलेल्या गोष्टीवर होता : श्रम करणाऱ्याला विद्येपासून दूर ठेवले, की त्याचे दास्य त्याला स्वाभाविक वाटू लागते.

उत्तर ठाण्यातील बंदी श्रम : हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने दास्याची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती आणि १ जानेवारी १८६२ पासून, म्हणजे अमेरिकेत युद्ध चालू असतानाच, अंमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने माणसाची दास म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. परंतु कर्जापोटी बांधलेल्या श्रमास या तरतुदी स्पर्श करीत नव्हत्या. अमेरिकेच्या दक्षिणेतही हेच घडले. मुक्त झालेल्या दासांना जमीन मिळाली नाही. ते वाट्याने शेती करू लागले व पिकावर घेतलेल्या उचलीच्या कर्जात पुन्हा त्याच मळेवाल्यांकडे अडकले.

मुंबई, बडोदे आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये वसईची खाडी ओलांडून मुंबईस पोहोचला व गुजरातचा कापूस या मार्गाने शहरात येऊ लागला. १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत गाडी सुरू झाली. या रुळांच्या पूर्वेस, चांदीप, मांडवी यांसारख्या गावांपासून उत्तरेकडे डहाणू-उंबरगावपर्यंतच्या डोंगरपट्टीत वारली, मल्हार कोळी, काथोडी आदी जमातींची वस्ती आहे. तेथील जमिनी हळूहळू सावकार व जमीनदार यांच्या हाती गेल्या. लग्नासाठी थोडी रक्कम काढावयाची आणि ती फिटेपर्यंत पतिपत्नींनी धन्याकडे राबावयाचे, या रिवाजाला लग्नगडी असे नाव होते. मजुरीतून व्याजही फिटत नसे. त्यामुळे बंधन आयुष्यभर चाले व पुष्कळदा मुलाकडे येई. जमीनदाराच्या हाकेसरशी विनावेतन करावी लागणारी वेठ याखेरीज होती. आदिवासी भागांच्या पाहणीसाठी मुंबई सरकारने नेमलेला अधिकारी डी. सिमिंग्टन याच्या १९३९ मधील अहवालात या स्थितीचे वर्णन आले आहे.

तिला पहिला मोठा धक्का किसान सभेने दिला. टिटवाळे येथे जानेवारी १९४५ मध्ये भरलेल्या प्रांतिक परिषदेस काही वारली उपस्थित होते. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले व वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून राबावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. अल्पावधीतच लग्नगडी धन्यांचे वाडे सोडून बाहेर पडले. पाठोपाठ पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मिळावी, यासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकर यांच्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात या लढ्याची हकिकत आली आहे.

स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली, तरी कर्जबंधनाविरुद्ध सर्व देशाला लागू असणारा कायदा १९७६ मध्ये झाला. या अधिनियमान्वये वेठबिगारांची कर्जे रद्द झाली आणि त्यांचा शोध व मुक्तता यांची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आली. कायद्याचा अंमल आपोआप झाला नाही. वसई तालुक्याच्या पूर्व भागात कर्जाने बांधलेली आदिवासी कुटुंबे त्यानंतरही आढळत होती. विवेक व विद्युल्लता पंडित यांनी दहिसर या गावापासून त्यांच्या मुक्ततेचे काम हाती घेतले व १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन झाली. पंडित दांपत्यास १९९९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय दासप्रथाविरोधी संस्थेचे पारितोषिक मिळाले. १८३९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अमेरिकन यादवी युद्धाच्या काळीही कार्यरत होती.

या कायद्याच्या अंमलातील मुख्य अडचण पुराव्याची होती. कर्जाचा कागद धन्याकडे असे किंवा मुळीच नसे, आणि बांधलेला मजूर धन्याविरुद्ध साक्ष देण्यास धजत नसे. १६ डिसेंबर १९८३ रोजी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण दूर केली. मजुराकडून सक्तीने काम करवून घेतले जात असल्याचे दिसून आल्यास ते उचलीच्या वा अन्य आर्थिक लाभाच्या मोबदल्यात असल्याचे न्यायालय गृहीत धरील, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर राहील, असे त्या निर्णयात ठरले.