चौदा स्थानांची वाट

वसई, मुंबई किंवा गोव्यातल्या कॅथलिक चर्चमध्ये गेले की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओळीने लावलेली चौदा चित्रे किंवा उठावशिल्पे दिसतात. पहिल्यात रोमन सुभेदार पिलात येशूला मृत्युदंड सुनावतो, चौदाव्यात येशूचा देह कबरीत ठेवला जातो. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी भाविक एकेका ‘स्थाना’शी थांबतात, गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात आणि पुढच्या स्थानाकडे वळतात. मराठी ख्रिस्ती लोक या भक्तीला ‘क्रूसाची वाट’ म्हणतात. ती इतकी अंगवळणी पडली आहे की प्रेषितांच्या काळापासून अशीच चालत आली असावी, असे सहज वाटते. प्रत्यक्षात चौदा हा आकडा १७३१ साली पक्का झाला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या वाटेतला बराच भाग जेरुसलेममध्ये आखला गेलेला नाही. जेरुसलेम ज्यांना गाठता येत नव्हते, त्यांनी तो दूर युरोपात बसून आखला.

मूळ मात्र जेरुसलेमचेच. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री तिथे गेली आणि जे पाहिले ते तिने लिहून ठेवले. तिच्या वृत्तान्ताची हस्तलिखित प्रत १८८४ मध्ये इटलीतल्या आरेत्सो इथे सापडली. गुरुवारची सारी रात्र लोक ऑलिव्ह डोंगरावर जागवत, गेथशेमाने बागेशी थांबत, तिथे येशूच्या अटकेचा भाग वाचला जाई आणि लोकांच्या रडण्याचा आवाज दूरवर पोचे. मग सगळे पायी शहरात शिरत आणि उजाडताना क्रूसाच्या जागेशी पोचत. शुक्रवारी क्रूसाच्या लाकडाचे दर्शन असे. लोकांनी कपाळ आणि डोळे टेकवायचे, चुंबन घ्यायचे, पण हात लावायचा नाही. कारण पूर्वी कुणीतरी चुंबनाच्या मिषाने लाकडाचा तुकडाच चावून पळवला होता, म्हणून आता सेवक पहाऱ्याला उभे असत. एजेरियाच्या या मिरवणुकीत चालणे आहे, थांबणे आहे, वाचन आहे. ठरलेली स्थाने आणि येशूचे वाटेत पडणे मात्र कुठेच नाही.

येशूच्या वेदनांकडे इतक्या जवळून पाहण्याची दृष्टी पुढे कित्येक शतकांनी आली. पहिल्या हजार वर्षांतल्या ख्रिस्ती कलेत क्रूसावरचा येशू बहुधा डोळे उघडे ठेवून ताठ उभा असतो, मरणावर विजय मिळवलेल्या राजासारखा. अकराव्या-बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात भर बदलला. १०९८ च्या सुमारास धर्मशास्त्रज्ञ आन्सेल्म यांनी आपल्या ग्रंथात प्रश्न मांडला: देव माणूस का झाला? त्यांचे उत्तर असे, की पापाने मोडलेल्या देवाच्या मानाची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याचे सामर्थ्य फक्त देवात आहे. म्हणून देव आणि माणूस एकाच व्यक्तीत हवा, आणि त्याचे मरण स्वेच्छेचे हवे. क्रूसावरचा देह हा असा विचाराच्या केंद्रस्थानी आला. असिसीच्या संत फ्रान्सिसनी त्या विचाराला हाडामांसाचे रूप दिले. १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात त्यांनी बैल-गाढवासह गोठा उभारून नाताळ साजरा केला, आणि पुढच्याच वर्षी ला व्हेर्ना डोंगरावर ख्रिस्ताच्या पाच जखमा त्यांच्या अंगावर उमटल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात.

याच फ्रान्सिस्कन संघाकडे पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४२ मध्ये जेरुसलेममधल्या पवित्र स्थळांची राखण सोपवली. पश्चिमेकडून येणाऱ्या यात्रेकरूंना शहर दाखवायचे काम त्यांच्याकडे आले. पण तेव्हाची वाट आजच्या भाविकाला ओळखूही येणार नाही. विल्यम वे हा इंग्रज धर्मगुरू १४५८ मध्ये आणि पुन्हा १४६२ मध्ये तिथे गेला. त्याने दिलेल्या यादीत योगायोगाने चौदाच जागा आहेत, पण त्या उलट्या क्रमाने येतात: यात्रेकरू कबरीच्या चर्चपासून निघून पिलाताच्या घराकडे चालत. शिवाय त्या जागांत दृष्टान्तकथेतल्या श्रीमंताचे घर आहे, मरियेची शाळा आहे, तळे आहे. आजच्या चौदांशी जुळणाऱ्या त्यात थोड्याच.

खरी घडण झाली ती घरी परतलेल्यांच्या हातून. न्यूरेंबर्गमध्ये आदाम क्राफ्ट या शिल्पकाराने पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सांध्यावर शहरापासून संत योहानाच्या स्मशानभूमीपर्यंत सात दगडी शिल्पे कोरून उभी केली. प्रत्येकावर पिलाताच्या घरापासूनचे अंतर पावलांत कोरलेले होते. त्यामागची आख्यायिका अशी की, केत्सेल नावाच्या नागरिकाने जेरुसलेममध्ये ही अंतरे मोजली, परतीच्या प्रवासात टिपण हरवले, म्हणून तो पुन्हा समुद्र ओलांडून गेला आणि पुन्हा मोजून आला. आख्यायिका खरी असो वा नसो, दगडावरचे आकडे खरे होते. वाट नुसती आठवून भागणार नव्हते, ती तेवढीच लांब हवी होती. इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी व्हाराल्लो गावावरच्या डोंगरावर बेर्नार्दिनो काइमी या फ्रान्सिस्कनाने याच सुमारास अख्खे प्रतिजेरुसलेम वसवायला घेतले. प्रतिपंढरपूर म्हणवणारी देवळे ज्या ओढीतून उभी राहिली, तीच ही ओढ. तिथल्या देवळ्यांत माणसाच्या उंचीच्या मूर्ती आहेत आणि भाविक प्रसंगाच्या अगदी समोर उभा राहतो.

तरी स्थाने किती आणि कोणती, याचा मेळ कुठेच नव्हता. कुठे सात, कुठे बारा, कुठे त्याहून कितीतरी जास्त. तो मेळ पुस्तकांनी बसवला. १५६३ मध्ये फ्लँडर्समधल्या यान पास्का या कार्मेलाइट संन्याशाचे पुस्तक निघाले: घरबसल्या वर्षभर करायची मानसयात्रा, रोजचा एक टप्पा. त्याचा आधार घेत क्रिस्तियान आद्रिकोम या डच धर्मगुरूने १५८४ मध्ये ख्रिस्तकालीन जेरुसलेमचे वर्णन नकाशासह छापले. त्यातली बारा स्थाने आणि त्यांचा क्रम म्हणजे आजची पहिली बारा. आद्रिकोमने जेरुसलेम कधी पाहिले नव्हते.

या यादीत शुभवर्तमानांत नसलेली पाच स्थाने आहेत: येशूचे तीनदा पडणे, आईची भेट, आणि वेरोनिका नावाच्या बाईने त्याचे तोंड पुसणे. तीनदाच का? इंग्रज जेझुइट अभ्यासक हर्बर्ट थर्स्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याचा उलगडा सुचवला. उत्तर युरोपात येशूच्या सात पतनांची भक्ती लोकप्रिय होती. त्यांतली चार आई, शिमोन कुरेनेकर, वेरोनिका आणि जेरुसलेमच्या स्त्रिया यांच्या भेटींशी जोडलेली होती. पुढे त्या प्रसंगांत भेट तेवढी उरली, पडणे गळाले. आणि ज्यांना भेटीची जोड नव्हती ती तीन पतने मागे राहिली. हा तर्क मला पटतो. लोकांच्या भक्तीत गोष्टी अशाच झिजतात आणि अशाच टिकतात. माणसे पिढ्यान्‌पिढ्या या तीन पतनांपाशीच सर्वांत जास्त रडली आहेत. त्यांना शास्त्राधार नाही म्हणून ती काढून टाकावीत, असे म्हणणाऱ्याने गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्या बायांकडे एकदा पाहावे.

नंतरचा प्रवास फर्मानांचा आहे. जेरुसलेमच्या यात्रेने पापदंडाची जी माफी मिळते, तीच आपल्या चर्चमध्ये ही वाट चालणाऱ्यांना मिळावी, ही परवानगी फ्रान्सिस्कनांनी १६८६ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांच्याकडून मिळवली. १७२६ मध्ये ती सर्व भाविकांसाठी खुली झाली आणि १७३१ मध्ये बारावे क्लेमेंट यांनी कुठल्याही चर्चमध्ये ही स्थाने उभारायला मुभा देऊन संख्या चौदा ठरवली. पोर्तो मॉरित्सियोचे संत लिओनार्ड या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराने इटलीत गावोगाव फिरून पाचशेहून अधिक ठिकाणी ती स्थापन केली. १७५० मध्ये तर रोमच्या कोलोसियममध्येच. नियमात एक तपशील फार सुंदर आहे: आवश्यक असतात ते चौदा क्रूस, परंपरेने लाकडी. चित्रे नसली तरी चालते.

आपल्याकडे फ्रान्सिस्कन गोवा-वसईत सोळाव्या शतकातच आले होते, पण चौदा स्थाने तेव्हा कुठेच ठरलेली नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, म्हणजे क्लेमेंटच्या फर्मानाच्या ११५ वर्षे आधी. येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी कानांवर आधी पडली, चौदा चित्रांची ओळ भिंतीवर नंतर आली.

मग युरोपात पक्की झालेली ही वाट उलट जेरुसलेमला गेली. चौदा स्थाने मनात धरून आलेल्या यात्रेकरूंना ती तिथे दिसायला हवी होती. काही स्थानांच्या आजच्या जागा तर एकोणिसाव्या शतकात ठरल्या. आजही दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांतून ही मिरवणूक काढतात. ती अंतोनिया किल्ल्याच्या जागेपासून निघते. बहुतेक इतिहासकारांच्या मते पिलात शहराच्या पश्चिमेकडच्या हेरोदाच्या राजवाड्यात उतरत असे. तसे असेल तर येशू चालला ती वाट मुळात दुसऱ्याच दिशेची.

एवढे होऊनही जेरुसलेमच्या वाटेत एक गोष्ट आहे जी भिंतीवरच्या चौदा चित्रांत आली नाही. तिथली शेवटची पाच स्थाने एकाच चर्चच्या छपराखाली आहेत. कालवारीचा खडक वर, कबर काही पावलांवर खाली. पश्चिमेत त्याला पवित्र कबरीचे चर्च म्हणतात, पण ग्रीक ख्रिस्ती त्याला पुनरुत्थानाचे चर्च म्हणतात. एजेरियाच्या लेखनातही कबरीच्या जागेचे नाव तेच आहे. तिथे चौदाव्या स्थानाशी पोचलेला यात्रेकरू रिकाम्या कबरीसमोरच उभा असतो. वसईच्या किंवा फ्लँडर्सच्या चर्चमध्ये चौदावे चित्र देह आत ठेवल्याचे, आणि त्यापुढे भिंत. ख्रिस्ती श्रद्धेत मरण आणि पुनरुत्थान यांची ताटातूट होत नाही. पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिले आहे की ख्रिस्त उठला नसेल तर सारा विश्वास फोल. अंतर ओलांडून वाट आणताना नेमके हेच जागेवर राहिले.

ही उणीव अनेकांना जाणवली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ मध्ये कोलोसियममध्ये केवळ शुभवर्तमानांतल्या प्रसंगांची चौदा स्थाने चालून दाखवली, तरी तीही कबरीपाशीच थांबतात. कित्येक चर्चमध्ये पंधरावे, पुनरुत्थानाचे स्थान जोडले गेले. पुनरुत्थानापासून पवित्र आत्म्याच्या अवतरणापर्यंतची स्वतंत्र ‘प्रकाशाची वाट’ही विसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली आणि लोकभक्तीवरच्या व्हॅटिकनच्या २००१ च्या मार्गदर्शिकेने तिला मान्यता दिली. पंधराव्याला विरोध करणारे म्हणतात, शुक्रवारी शुक्रवारच असू द्या, ईस्टरची रात्र एका दिवसावर आहे. गुड फ्रायडेपुरते ते बरोबरच आहे. पण प्रायश्चित्तकाळातल्या इतर शुक्रवारी चौदाव्याच्या पुढे आणखी एक लाकडी क्रूस असायला हरकत नसावी. जेरुसलेमला चालत गेलेल्यांना तो कधी वेगळा लावावा लागला नव्हता.