नाचणाऱ्या पायांचं माप

शिवलेली नऊवारी सुरतेतल्या माझ्या दुकानात सर्वांत जास्त खपते, आणि तिच्याइतकी नवी चीज माझ्या दुकानात दुसरी नाही. तरी श्रावण लागला की गोडादऱ्यातल्या बाया येऊन म्हणतात, “ताई, एकदम जुन्या पद्धतीची द्या, कानबाईत नाचायचंय.” मी विचारते, जुनी म्हणजे किती जुनी? खरी जुनी हवी असेल तर मला शिलाई देऊच नका, घरी जाऊन नेसा.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशी देवी, बसते. नारळाला नथ-दागिने घालून देवी सजवायची, रोट करायचे, रात्र जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला न्यायची. लिंबायत, डिंडोली, उधना, गोडादरा या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडची एवढी माणसं आहेत की त्या दिवशी रस्त्यात अहिराणी गाण्यांखेरीज काही ऐकू येत नाही. सुरतेहून अमळनेर-जळगावकडे जाणारा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास झाला. पण गाड्या भरभरून माणसं उतरली ती इथं संचाखाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, वाढल्यावर. माझे वडील शिंदखेड्याहून असेच आले आणि संच्यावर लागले. मागाहून आजी आली, सुती लुगड्यात.

आजीचं नेसणं मी रोज बघत असे. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, पायांतून मागे नेऊन खोचलेला कासोटा, आणि काठ पोटरीच्या अर्ध्यावर. गावी ती याच नेसणीत निंदणी करायची, विहिरीवरून पाणी आणायची आणि याच नेसणीत कानबाईपुढे फुगडी घालायची. नाचायला वेगळा पोशाख लागतो हे तिच्या गावीही नव्हतं. “पाय मोकया पाहिजे,” एवढंच म्हणायची.

तमाशाच्या फडावर मात्र नेसण खास नाचासाठी बदलली. कासोटा घट्ट ओढलेला, पदर कमरेशी आवळलेला, काठ घुंगरांच्या वर थांबलेला. घुंगरांत काठ अडकला तर बाई तोंडावर पडेल. पुढे विसाव्या शतकात शहरातल्या बायकांनी सहावारी धरली आणि नऊवारी उरली म्हाताऱ्यांच्या अंगावर, नाहीतर फडावर. तरुण मुलींकडे ती परत आली मिरवणुकांतून आणि पडद्यावरून. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली, मग तशा यात्रा गावोगाव निघू लागल्या आणि नऊवारी नेसून मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचे फोटो छापून येऊ लागले. २०१० साली ‘नटरंग’ सिनेमा आला आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये लावणी शिरली. आता विंगेत बारा मुली उभ्या, नेसवणारी एकच मावशी आणि पुढचा नाच पाच मिनिटांवर. शिवल्यावाचून इलाज नव्हता.

शिवलेली नऊवारी आतून सलवारच असते, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की ते हिरमुसतं. दोन पाय कापायचे, आसनाला सढळ कापड सोडायचं, मागे कासोट्याचा काठ वर दिसेल असा बसवायचा, पुढे निऱ्या टाचून इस्त्री मारायची, कमरेला नाडी. पदर तेवढा सुटा. सहावारी साडीतूनही हे काम होतं. घोळ मापात होतो. मुलगी सरळ उभी असताना माप घेतलं तर पहिल्याच ठेक्याला आसन उसवतं. मी तिला उकिडवं बसवते, मग एक पाय लांब टाकायला लावते, आणि पुढच्या कमरेपासून आसनाखालून मागच्या कमरेपर्यंत टेप फिरवते. कंबर आणि उंची नंतर. पोरी लाजतात, आया घाई करतात. मी ऐकत नाही.

एकदा एका इंग्रजी शाळेनं ‘देशोदेशीचे नाच’ बसवले आणि आठ मुलांचे स्कॉटिश किल्ट माझ्याकडे आले. नुसता चौकड्याचा परकर शिवून दिला असता तरी शाळेला चाललं असतं. पण घड्या मागेच का, पुढे सपाट का, हे कळल्याशिवाय मला कापडाला कात्री लावता येईना. मग वाचलं. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले पुरुष आधी लांबलचक लोकरी कापड अंगाभोवती घेऊन कमरेला पट्टा आवळत, उरलेलं खांद्यावर टाकत. अठराव्या शतकात खालचा भाग सुटा झाला आणि शतकाच्या अखेरीस त्याच्या घड्या कायमच्या शिवल्या गेल्या. मधे १७४६ चा कायदा झाला आणि फौजेतले सोडून बाकी पुरुषांना हा पोशाख करायला बंदी आली; ती १७८२ साली उठली. म्हणजे आमच्या लुगड्याचं परवापरवा जे झालं, नेसायचं ते शिवलेलं, ते त्यांच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं! पूर्ण किल्टला कापड लागतं आठ वार. आठवारीच म्हणा ना.

नाचासाठी किल्ट निवडायचा तर त्यांचंही लक्ष आधी पायांकडे. काठ गुडघ्याच्या मध्यावर हवा, कारण त्या नाचात पाऊल कसं पडतं तेच बघतात. जीन मिलिगन आणि इझोबेल स्ट्युअर्ट या दोघींनी १९२३ साली ग्लासगोत या नाचांसाठी संस्था काढली, तिचा सगळा भर नीट पावलावर. जड लोकरीच्या घड्या गिरकीत छान उघडतात, पण रात्रभर नाचणाऱ्याचा जीव गरमीनं जातो, म्हणून बरेच जण हलकी लोकर घेतात. मी रिंगरोडच्या मार्केटातून चौकड्याचं टेरिकॉट आणलं. त्याला इस्त्रीची घडी पक्की बसते. वेळ गेला तो चौकडा जुळवण्यात: घड्या मिटल्या की मागे चौकडा सलग दिसायला हवा, तुटायला नको. निऱ्यांत काठाला काठ जुळवायची सवय होती, ती तिथे कामी आली.

आणि नावांचा बाजार दोन्हीकडे सारखा. अमुक घराण्याचा अमुक चौकडा, यातलं बरंच एकोणिसाव्या शतकात ठरलं. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, वॉल्टर स्कॉटनं स्वागताचा थाट मांडला, आणि मग ज्याला त्याला आपल्या घराण्याचा चौकडा हवासा झाला. माझ्या भिंतीवरही नावं आहेत: ब्राह्मणी, पेशवाई, राजलक्ष्मी, मस्तानी. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर मस्तानीचा खप इतका वाढला की निऱ्या घालून घालून बोटं दुखली. खऱ्या मस्तानीला नाडीची नऊवारी कोण शिवून देणार होतं? पण नाव लावलं नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, म्हणून मीही लावते.

कापडाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. सुरतेत राहून सुरतेचं जॉर्जेट नको म्हणणं बरं दिसत नाही, पण ते घसरतं. कासोटा ढिला पडतो आणि निऱ्या पसरतात. नाचायला जरा अंग असलेली सेमी पैठणी बरी. मूळ पैठणीशीही आमच्या गावाचं नातं आहे. येवल्याच्या मागावर जी जर लागते ती सुरतेहून जाते. आता तर आख्खी पैठणीच इथं छापतात, मोरांसकट, पॉलिस्टरवर. लहान मुलींच्या एका रात्रीच्या नाचाला तीही चालते.

नवरात्रात याच पोरी चणियाचोळी मागतात, तेव्हा माझं माप उलटं होतं. गरब्यात गिरकी दिसते, पाय नाही. म्हणून तिथं घेर, कळ्या, अस्तराचं वजन. आसनाचा प्रश्नच नाही. गुजराती शेजारणी आणि आमच्या खान्देशी पोरी एकाच रांगेत कापड घेऊन उभ्या असतात.

कानबाईला अजून काही आज्या घरी स्वतः लुगडं नेसून येतात. मस्तानी घातलेल्या नातीबरोबर फुगडी घालताना दम त्यांचा टिकतो. नात मधेच नाडी आवळायला बाजूला होते. या आज्या माझ्याकडे फक्त पोलकं शिवायला येतात. गळा-बाहीचं त्यांना काही नसतं. काखेत कापड जास्त सोड, हात वर गेले पाहिजेत, एवढं दोनदा बजावतात आणि शिलाईत घासाघीस करतात.