थोरलीचे डबे धाकटीला

आमच्या घरी नवा शर्ट थोरल्या भावाला मिळायचा आणि दोन वर्षांनी तो माझा व्हायचा. लंडनला शिकायला गेलो, तर तीच रीत जमिनीखाली दिसली.

मी रोज बेकरलू लाईनने जायचो. उन्हाळ्यात डब्यात जीव नकोसा व्हायचा, कारण एसी नाही. गाड्या १९७२च्या, तिथल्या भुयारी रेल्वेतल्या सगळ्यात जुन्या. पण त्या मुळात बेकरलूसाठी बांधल्याच नव्हत्या! आधी नॉर्दर्न लाईन, मग काही ज्युबिलीवर, आणि शेवटी इथे.

ही भानगड समजून घ्यायला १९७५ पाहू. पिकॅडिली लाईन हीथ्रो विमानतळापर्यंत वाढत होती, म्हणून तिला नव्या गाड्या मिळाल्या. तिच्या १९५९च्या गाड्या नॉर्दर्नकडे गेल्या. विमान पकडणाऱ्याला कोरी गाडी, रोज कामावर जाणाऱ्याला थोरलीची. काटकसर म्हणून यात काही चूक नाही. डबा पन्नास वर्षं टिकतो, तो भंगारात कशाला घालायचा? फक्त धाकटेपण दरवेळी त्याच लाईनच्या वाट्याला येतं, हे मला खटकतं.

अर्थात शर्ट अंगाला बसावा लागतो. खोल बोगद्यांच्या लाईनींचा व्यास साधारण सारखा, साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणून अदलाबदल जमते. डिस्ट्रिक्टसारख्या उथळ लाईनीची मोठी गाडी त्यात शिरणारच नाही. व्हिक्टोरिया लाईन तर १९६८पासून स्वयंचलित. तिथे नॉर्दर्नचे जादा डबे आणले, तेव्हा ते गाडीच्या मधोमध जोडावे लागले. पुढे लावायला त्यांच्यात ती यंत्रणाच नव्हती.

एक धाकटा भाऊ तर समुद्रापार आहे. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर राईड गावात एक बुटका बोगदा आहे. नेहमीच्या उंचीची गाडी त्यात मावत नाही. १९६६च्या अखेरीस वाफेची इंजिनं बंद झाली आणि १९६७मध्ये लंडनच्या जुन्या भुयारी गाड्या तिथे धावू लागल्या. त्या थकल्यावर १९८९पासून १९३८च्या बनावटीच्या गाड्या आल्या. लंडनमध्ये विजेचे चार रूळ, इथे तीन, त्यामुळे थोडी उसवाउसवी करावी लागली.

२०१९मध्ये मी त्यांतल्या एका गाडीत बसलो. खडखडाट इतका, की शेजारच्याशी बोलता येईना. राईडच्या धक्क्यावर मात्र गाडी थेट पाण्यावरून जाते. अंधाऱ्या बोगद्यासाठी बनवलेल्या त्या खिडक्यांतून दोन्हीकडे समुद्र दिसत होता. समोरच्या आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन निवांत डुलक्या घेत होत्या.

३ जानेवारी २०२१ला त्या गाड्या निवृत्त झाल्या, ऐंशी वर्षं उलटून. दहा महिने मार्ग बंद राहिला. नोव्हेंबरमध्ये बेटाला ‘नव्या’ गाड्या मिळाल्या: लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाईनने टाकलेल्या, १९८०च्या सुमाराच्या.