खानदेशचीं रानें आणि त्यांचे राखणदार

खानदेशचें नांव निघालें, कीं आपल्या डोळ्यांसमोर कापूस, केळीच्या बागा आणि तापीकांठची काळी जमीन उभी राहते. परंतु या सपाटीस तीन बाजूंनीं डोंगरांचा वेढा आहे. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्रीचें उत्तर टोंक आणि दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याची रांग. या डोंगरांवरील साग, अंजन, सलई, धावडा व मोह यांच्या रानांस आमच्या इतिहासग्रंथांत क्वचितच जागा मिळते. मिळाली तरी ती भिल्लांच्या बंडांच्या ओघांत एखाद्या वाक्यापुरती. रान म्हणजे बंडखोरांची लपण्याची जागा, यापलीकडे त्यास स्वतःचा कांहीं इतिहास असेल असें आमच्या इतिहासकारांस वाटलेलें दिसत नाहीं.

इंग्रजांचीही प्रथम हीच समजूत होती. १८१८ सालीं खानदेश त्यांच्या हातीं आला, आणि १८२५ सालीं औट्रमसाहेबानें भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. याच औट्रमच्या शिकारींत पुढील सुमारें दहा वर्षांत जवळ जवळ दोनशें वाघ पडले. वाघ मारणें आणि रान तोडून तेथें नांगर चालविणें, हीं दोन्हीं कामें त्या काळीं सुराज्याचीं लक्षणें समजलीं जात. मग मुंबईच्या गोदीस जहाजांसाठीं साग कमी पडूं लागला, आणि सरकारची दृष्टि बदलली. डांगचें रान १८४२ च्या सुमारास तेथील भिल्ल राजांपासून पट्ट्यानें घेण्यांत आलें. १८४७ सालीं डॉक्टर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८६० नंतर खानदेशांतून लोहमार्ग गेला, त्यास स्लीपरही पाहिजेत आणि सरपणही. ज्याची कालपर्यंत अडचण होत होती, त्याची आतां किंमत होऊं लागली. आणि किंमत झाली म्हणूनच संरक्षणाची भाषा सुरू झाली.

१८६५ सालीं पहिला वनकायदा झाला. १८७८ च्या कायद्यानें त्याची घडी बसविली. या दुसऱ्या कायद्यांत रानांचे तीन वर्ग केलेले आहेत. राखीव रानांत ज्याची परवानगी नाहीं तें सारें मना. संरक्षित रानांत जें मना केलेलें नाहीं तेवढें मोकळें. तिसरा वर्ग ग्रामवनाचा. राखीव रानावरील आपले हक्क सरकारनें एखाद्या गांवाकडे सोंपवावे आणि त्याची व्यवस्था गांवानें पाहावी, अशी ही योजना. आमच्या मतें संबंध कायद्यांत शहाणपणाचें प्रकरण हेंच होतें, आणि नेमकें तेंच पुस्तकांत राहिलें. मुंबई इलाख्यांत सारा भर राखीव वर्गावर पडला. १९२७ च्या कायद्यानेंही ग्रामवनाचें कलम, २८ वें, जसेंच्या तसें ठेवलें आणि तें पूर्वीसारखेंच निजलेलें राहिलें. डोंगरांतील मनुष्य मात्र या अवधींत रहिवाशाचा गुन्हेगार झाला. मोहाचीं फुलें वेंचणें, मोळी आणणें, गुरें चारणें हीं पिढीजात कामें त्यास आतां शिपायाच्या मर्जीनें करावीं लागलीं. आणि जें रान आपलें नव्हे तें राखावें कशास, असें त्यास वाटूं लागलें तर नवल नव्हे. १९३० सालीं चिरनेर, पुसद इत्यादि ठिकाणीं जे जंगल सत्याग्रह झाले, त्यांच्या मुळाशीं हाच सल होता. लोकांचा राग झाडांवर नव्हता, कुलुपावर होता.

स्वातंत्र्यानंतर कुलूप तेंच राहिलें, धनी तेवढा बदलला. १९६९ सालीं जळगांव जिल्ह्यांत सातपुड्याच्या कुशींतील सुमारें १७७ चौरस किलोमीटर प्रदेश यावल अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतु स्तुत्य, पण मध्य प्रदेशच्या सरहद्दीस भिडलेलें एवढें रान मूठभर रक्षकांनीं कसें राखावें? तोड झाली, अतिक्रमणेंही झालीं. तरी या डोंगरांत काय उरलें होतें, याची साक्ष एका घुबडानें दिली. ह्यूमसाहेबानें १८७३ सालीं वर्णिलेल्या रानपिंगळ्याचे कांहीं नमुने पुढें खानदेशांतील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीं शहादें व तळोदें भागांतून मिळविले. १८८४ नंतर हा पक्षी कोणास दिसला नाहीं. मध्यंतरीं एका इंग्रज संग्राहकानें १९१४ साली गुजरातेंत तो मिळाल्याचें लिहून ठेवलें होतें. तो नमुना संग्रहालयांतून चोरून नवी चिठ्ठी लावलेला आहे, हें पामेला रासमुसेन या विदुषीनें उघडकीस आणलें, आणि खोटी चिठ्ठी बाजूस सारून खरीं स्थळें धुंडाळलीं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळ, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांत, ११३ वर्षांनीं रानपिंगळा पुन्हां दिसला. पुढें यावलच्या रानांतही त्याची नोंद झाली. ज्या जुन्या झाडांच्या ढोलींत तो घरटें करतो, तीं कोठें कोठें अद्याप उभीं होतीं.

याच काळांत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास, गुजरातच्या सरहद्दीलगत, साक्री तालुक्यांतील बारीपाडा या लहानशा आदिवासी पाड्यानें निजलेल्या ग्रामवनाचें काम कोणत्याही कलमाची वाट न पाहतां आरंभिलें होतें. १९९० च्या सुमारास येथील डोंगर उघडे पडले होते, विहिरी उन्हाळ्यांत आटत. गांवचेच पदवीधर तरुण चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें लोक एकत्र बसले आणि समिति नेमली. रानांत बैलगाडी नेण्यास बंदी, तोड करणाऱ्यास दंड, चोरी कळविणाऱ्यास बक्षीस, असे साधे नियम त्यांनीं केले. नियम करणारे आणि ते पाळणारे तेच असल्यामुळें पहाऱ्यास फौज लागली नाहीं. सुमारें ११०० एकर रान पुन्हां उभें राहिलें, विहिरींस पाणी राहूं लागलें. २००४ पासून तेथें रानभाज्यांची स्पर्धा भरूं लागली. तींत गांवोगांवच्या बायका पानें, कंद, मोहोर रांधून मांडतात. शहरांत ज्या विद्येस आम्ही वनस्पतिशास्त्र म्हणतों, तिची परीक्षा तेथें चुलीवर होते. २०२५ सालीं पवार यांस पद्मश्री मिळाली.

यावर कोणी म्हणेल, कीं बारीपाडा लहान, एकदिलाचें. यावलचें तसें नाहीं. हें खरें आहे. यावलच्या रानांत पिढ्यान् पिढ्या राहणारेही आहेत आणि अलीकडे कुऱ्हाड घेऊन आलेलेही. ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द दोघांस लावणें अन्यायाचें, आणि दोघांस एकच हक्क देणें रानाच्या मुळावर येणारें. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ ही सीमा घालून दिली, दावे प्रथम तपासण्याचें काम ग्रामसभेकडे दिलें, आणि सामूहिक रानाच्या हक्काबरोबर त्याच्या रक्षणाची जबाबदारीही तिच्यावर टाकली. ग्रामसभेचा ठराव तेथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. त्या वाटेवर कागद किती काळ थांबतात, हें सरकारी कचेरी पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. या कायद्याच्या नियमांतील पुराव्याचें कलम इतिहासाच्या अभ्यासकानें मुद्दाम वाचण्याजोगें आहे. इंग्रज अंमलदारांनीं १८८० सालीं खानदेशचें जें गॅझेटियर छापलें, त्यासारख्या ग्रंथांचीं पानें आतां भिल्ल व पावरा दावेदारांस ग्रामसभेपुढें पुरावा म्हणून ठेवतां येतात. आणि त्यांच्याच शेजारीं, तितक्याच अधिकारानें, गांवांतील वृद्धांची लिहून घेतलेली जबानी.