मोडशी : शब्द आणि रोग

गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने ओकारी, जुलाब, खोल गेलेले डोळे व क्षीण नाडी अशी एका रोगाची लक्षणे वर्णिली असून, त्याचे देशी नाव ‘मोर्शी’ असे नोंदविले आहे. ही आपली ‘मोडशी’च होय. पोर्तुगिजांनी तिचे ‘मोर्देशी’ केले. फ्रेंचांना त्यात चक्क ‘कुत्र्याचे मरण’ ऐकू आले! टाचेस डाग देण्याचा उपचारही प्रवासवृत्तांतून यूरोपात पोहोचला.

मात्र ‘मोडशी’ म्हणजे पटकीच, असे मानणे धाडसाचे ठरेल. अपचनाच्या ओकारीजुलाबांसही मराठीत हाच शब्द आहे. तो लक्षणांचा वाचक आहे, कॉखने १८८४ मध्ये पटकीचे कारण म्हणून निश्चित केलेल्या जंतूचा नव्हे. गोव्यातील १५४३ च्या साथीबाबत गास्पार कोरेयाने वर्णिलेले पेटके व काही तासांत येणारा मृत्यू हाच खरा पुरावा, नाव नव्हे.